वीतभर मागं

आमच्या घरात बोलायचं काम आण्णांचं आणि गप्प बसायचं माझं. आण्णा म्हणजे माझे वडील. गिऱ्हाईक दुकानात आलं की ते त्याच्या गावची, सोयऱ्यांची, विहिरीच्या पाण्याची चौकशी करत बसायचे, आणि तेवढ्यात मी माप घेऊन लोखंडी चॅनल कापायला लागलेलो असायचो. गप्प माणसाला लोक भला समजतात. मलाही समजत आले. आण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याशी मी जे केलं ते त्यांनी स्वतः चार ठिकाणी सांगितलं होतं, पण ते सांगायचे तेव्हा लोक हसायचे. माझ्या तोंडून ते कुणी ऐकलेलं नाही.

भूमहून ईटकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं दुकान. पुढं पत्र्याचं शेड, मागं लिंबाचं झाड. रस्त्यापलीकडं खव्याची भट्टी, त्यामुळं आमच्या सगळ्या आठवणींना थोडा दुधाचा आणि थोडा जळणाचा वास आहे. घर सुताराचं. आधी तिथं आण्णा एकटे बैलगाड्या करायचे. पुढं ऊसतोडीला जाणारे लोक टायरगाड्या मागू लागले, लाकूड कमी होत गेलं, लोखंड वाढत गेलं. आयटीआय करून मी वेल्डिंगचं मशीन घेऊन बसलो, तरी एक काम आण्णांचंच राहिलं. गाडीचा कणा कुठं बसवायचा, ते तेच ठरवायचे.

त्यांची रीत अशी होती. गाडीचा सांगाडा तयार झाला की त्यावर पोती रचायची, खाली एक गोल पाइप आडवा घालायचा आणि सांगाडा थोडा पुढं, थोडा मागं सरकवत राहायचं. कणा फार पुढं गेला तर गाडी उलार होते, म्हणजे मागं बसते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास लागतो. फार मागं गेला तर सगळं ओझं मानेवर येतं आणि आठ दिवसांत बैलाचा खांदा सुजतो. आण्णा दांडीचं टोक अंगठा आणि दोन बोटांत धरून उचलायचे, डोळे मिटायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे आणि मग बाजूच्या पट्टीवर खडूनं रेघ मारायचे. त्या रेघेवर चाकाचा मध्य. त्यांच्या गाडीनं बैलाचा खांदा येत नाही, असं भूमच्या आठवडी बाजारात लोक बोलायचे. ते कानावर आलं की आण्णा न ऐकल्यासारखं करून आणखी थोडा वेळ तिथंच रेंगाळायचे.

मी सांगतोय ते साल काही फार जुनं नाही. ईटच्या अलीकडच्या वस्तीवरचे एक मेंढपाळ आणि त्यांची बायको आमच्याकडं आले. आम्ही त्यांना मामा-मामी म्हणायचो. मेंढ्या कमी करून त्यांनी शेळ्या वाढवल्या होत्या. बाजाराला न्यायच्या तर पिकअप भाड्यानं करायचा, त्याचा मागचा हौदा कमरेएवढा उंच, आणि गाभण शेळीला त्यातून खाली उडी मारायला लावायची. त्यात एका शेळीचा पाय मोडला होता. मामांना स्वतःच्या जीपमागं ओढायला छोटी गाडी हवी होती, आणि अशी बुटकी की फळी टाकली की शेळ्या आपल्या आपण चालत चढतील.

"आमच्या हिलाबी चढता आलं पायजे," मामा मामींकडं बघत म्हणाले. "गुडघं गेल्यात."

"मला शेळ्यांत बसवून न्यायचा इचार हाय व्हय तुमचा?" मामी म्हणाल्या. "बाजारात इकून याल."

"कोण घेतंय!"

गाडी बुटकी करायची तर मधला कणाच अडचणीचा. या चाकापासून त्या चाकापर्यंत तो आडवा जातो, आणि तळ त्याच्यावर ठेवावा लागतो. म्हणून मी पुण्याहून बिनकण्याचं सस्पेन्शन मागवलं. त्याची दोन वेगळी खोकी आली. प्रत्येकात एक जाड चौकोनी नळी, नळीत गच्च दाबून बसवलेलं रबर, नळीच्या टोकाला मागं वळलेला हात, आणि त्या हाताला चाक. खड्डा आला की हात वर जातो, आतलं रबर पिळलं जातं आणि सोडलं की परत येतं. डावं चाक आणि उजवं चाक एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

आण्णांनी खोक्यात हात घालून चाचपलं. "ह्येचा कणा कुठाय?"

"कणा न्हाय, आण्णा. असाच असतोय."

"कण्याबिगर गाडी?" ते मामांकडं वळले. "बघा, आता बिनकण्याची मान्सं व्हतीच, गाडीबी आली."

ते आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले आठवडे होते. तेव्हा ते कळलं नाही. आण्णांनी आदल्या वर्षभरात फारसं काम केलं नव्हतं, पण या गाडीनं त्यांना डिवचलं. सकाळी माझ्या आधी येऊन ते सांगाड्याभोवती फिरायचे. कणा नसल्यामुळं दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारं काही नाही, चाकं पाय फाकल्यासारखी बाहेर पडतील, हे मी सांगायच्या आत त्यांनी ओळखलं आणि खालून एक भक्कम आडवा चॅनल टाकायला लावला. नळीवर वेल्डिंग करायचं नाही, आतलं रबर जळेल, म्हणून आधी सांगाड्याला जाड पट्ट्या जोडायच्या आणि त्यांना नळ्या बोल्टनं आवळायच्या, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना पटलं. "बरुबर हाय. पोटात रबर हाय त्येच्या."

चाकं सरळ धावतात का ते बघायला जीपला अडकवायच्या पुढच्या हुकापासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत सुतळी ताणायची असते. दोन्हीकडं सुतळी सारखी भरली पाहिजे. आण्णा हुकापाशी उकिडवे बसून सुतळीचं टोक धरायचे, मी चाकापाशी.

"वढू नगंस, सुतळी हाय, घोरपड न्हवं."

"ढिली सोडली तर माप कसं येणार?"

"तूच ढिला हायस. लगीन झाल्यापास्नं."

आई भाकरी घेऊन यायची, लिंबाखाली आम्ही तिघं जेवायचो. आण्णा बोलत राहायचे. दुपारी भट्टीवरचा धूर सरळ वर जायचा. काही घडत नव्हतं, आणि आज त्या न घडण्यातला एखादा दिवस कुणी परत दिला तर मी दुसरं काही मागणार नाही.

मग चाकाची जागा ठरवायची वेळ आली. मामांनी शेळ्यांच्या वजनाएवढी पोती आणून दिली. आण्णांनी पाइप घातला, सांगाडा मागंपुढं केला, हुकाचं टोक तीन बोटांत उचललं, डोळे मिटले. आणि अगदी जिथं तोल साधतो तिथं रेघ मारली. चाकाचा हात नळीपासून मागं वळलेला असल्यामुळं नळीची जागा रेघेच्या पुढं येते, हेसुद्धा त्यांनी धरलं. मामा बघत होते. "डोळं झाकून!" ते मामींना म्हणाले.

रेघ चुकीची होती.

बैलगाडीसाठी ती एकदम बरोबर होती. पण जीपला खांदा नसतो. जीपमागच्या गाडीचा थोडा भार हुकावर पडलाच पाहिजे. तोल बरोबर मध्यावर साधला तर वेग घेतल्यावर गाडीचं शेपूट डावीउजवीकडं हलायला लागतं आणि ते पुढच्या जीपलाच हलवतं. सस्पेन्शन विकणाऱ्यानं मला फोनवर हे बजावून सांगितलं होतं. आण्णांच्या हाताला आयुष्यभर एकच गोष्ट ठाऊक होती, की पुढं जो कुणी ओढतोय त्याच्या मानेवर भार येऊ द्यायचा नाही. लोखंडाच्या हुकावरही त्यांनी तीच दया केली होती.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण मामा कौतुक करत होते, आण्णा खडू खिशात टाकून चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही म्हणून खोकत होते, आणि मी मनात म्हटलं, नंतर सांगू. दुसऱ्या दिवशी आण्णा लोहाऱ्याला भाच्याच्या लग्नाला गेले. ते गेल्यावर मी ओल्या फडक्यानं रेघ पुसली, वीतभर मागं दुसरी मारली, पट्ट्या जोडल्या, नळ्या आवळल्या, चाकं चढवली. काम चांगलं झालं. मला वाटलं, आण्णांना कळणार नाही. आणि कळलं तर काय म्हणायचं, ते मी ठरवलेलंच नव्हतं.

ते परत आले त्या दिवशी मामा-मामी गाडी बघायला आले होते. आण्णांनी आल्या आल्या टोपी काढून बाकड्यावर ठेवली आणि हुक उचलला. मग खाली ठेवला. परत उचलला.

"ही जड हाय," ते म्हणाले. चाकापाशी जाऊन त्यांनी रेघ बघितली. "ही खूण कुणी केली?"

मामा बघत होते, मामी बघत होत्या. माझ्या तोंडून आलं, "तुमीच की, आण्णा."

"म्या?"

"व्हय. त्या दिशी. मामा व्हते की."

मामांना वीतभराचा फरक काय आठवणार? ते म्हणाले, "व्हय की, आण्णा. डोळं झाकून केली तुमी. आता वय झालं, चालायचंच."

आण्णा स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिले. हात उताणा केला, पालथा केला. "केली असंल," ते म्हणाले. "मग केली असंल म्याच."

गाडी छान चालली. शेळ्या चालत चढल्या. मामीही एकदा चढल्या आणि उतरायला तयार होईनात. आण्णा हसले, पण थोडंच.

त्यानंतर ऊसतोडीचे लोक टायरगाडी घेऊन आले तेव्हा आण्णा म्हणाले, "माजा हात आता भरवशाचा न्हाय. पोराला इचारा." मला वाटलं, दोन दिवसांनी जाईल. ते गेलं नाही. ते आईला विचारायला लागले, डोळ्यात औषध घातलं का मी? जेवलो का? गॅस बंद आहे का, ते उठून परत परत बघायचे. बाजारात गेले की खिसा चाचपत उभे राहायचे. जुन्या गोष्टी सांगायचे पूर्वीसारख्याच, पण मधेच थांबून आईकडं बघायचे, "असंच झालतं न्हवं?" त्या बोलक्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला शेवटी असा प्रश्न लागायला लागला. त्यांचा हात गेला नव्हता. मी त्यांना त्यांच्या आठवणीवरच विश्वास ठेवू नका असं सांगितलं होतं, आणि त्यांनी माझं ऐकलं होतं, कारण मी खोटं बोलतो हे त्यांना माहीत नव्हतं.

हे सगळं मला दिसत होतं. दिसत असून मी वेल्डिंग करत राहिलो. काय म्हणून सांगायचं? आधी वाटायचं, सांगितलं तर मामांसमोर त्यांची रेघ चुकली होती हे कळेल. नंतर वाटायला लागलं, इतके दिवस का सांगितलं नाही हे विचारतील. न सांगायचं कारण बदलत गेलं, गप्प बसणं तेच राहिलं.

शेवटी आईच म्हणाली, ह्यांना दाखवून आण. मी त्यांना धाराशिवला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं वार विचारला, गाव विचारलं, नातवंडांची नावं विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले. आण्णांनी सगळं बरोबर सांगितलं. शिवाय डॉक्टरचं गाव कोणतं आणि तिथं त्यांच्या ओळखीचं कोण राहतं, तेही काढून घेतलं. डॉक्टर हसले. म्हणाले, "मग काका, विसरायला होतंय असं कधीपासून वाटतंय?"

आण्णांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "पोराच्या दुकानात शेळ्यांची गाडी केली," ते म्हणाले. "म्याच खूण मारली आन मलाच म्हाईत न्हाय. तवापास्नं."

मी शेजारच्या खुर्चीत होतो. तिथंही मी बोललो नाही. डॉक्टर म्हणाले, काही विशेष दिसत नाही, काळजी करू नका.

आमच्या जीपमध्ये बसलो. शहर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला. आण्णा खिडकीतून बघत होते. मी म्हणालो, "आण्णा, ती खूण म्या सरकवली व्हती."

"कंची?"

"मामांच्या गाडीची. तुमी लोहाऱ्याला गेल्यावर. तुमची पुसली आन वीतभर मागं मारली."

आण्णा गप्प, हे मला सोसवेना, म्हणून मी बोलत गेलो. हुक, भार, शेपूट, फोन, मामा, सगळं.

"थांबव," ते म्हणाले. मी जीप बाजूला घेतली. ते उतरले आणि एका मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मी जवळ गेलो.

"म्हंजे म्या येडा न्हाय?"

"न्हाय, आण्णा."

"त्या दिशी तू मला मामाम्होरं खोटं सांगितलंस?"

"व्हय."

"आन माजी खूण चुकली व्हती?"

"बैलाला बरुबर व्हती. जीपला चुकली व्हती."

"मग तसं कामून न्हाय म्हनलास? म्या इचारलं असतं की, कशी चुकली म्हणून. म्या काय तुला खाल्लं असतं?" त्यांचा आवाज चढला. रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवाला वळून बघून गेला. "रोज राती म्या त्या बाईला इचारतोय, मी जेवलो का! अन् तू बाजूला बसून भाकरी मोडतोयस!"

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही, टाकलीही नाही. उठून मागच्या सीटवर बसले.

आठवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी दुकानात येऊन म्हणाले, "चल. दाव मला." मामांची गाडी आम्ही मागून आणली. मी पोती मागच्या बाजूला सरकवली, म्हणजे तोल जिथं आण्णांनी साधला होता तसाच झाला. ईटचा रस्ता सकाळी रिकामा असतो. आण्णा पुढं बसले आणि मान पूर्ण मागं वळवून गाडीकडं बघू लागले. सावकाश चाललो तोवर काही नाही. थोडा वेग घेतला आणि गाडीनं कूस बदलली. मग दुसरी. मग जीपचं मागलं अंग कुणी धरून हलवावं तसं हलायला लागलं.

"आरं! आरं बस! बस कर!" आण्णांनी दारावर हात आपटला. मी वेग उतरवला. जीप थांबली तेव्हा ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ईळ्यासारखं शेपूट फिरवतीय की रं! बैलाच्या गाडीला असलं कधी हुईल का? बैल कवा एवढा पळलाय!" आणि मग, गाडीकडं बघतच, "हात त्योच व्हता. गाडी दुसरी व्हती."

फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. "ह्या पोरानं मला येड्यात काढलं!"

"आण्णा, पोरगं आता पन्नाशीला आलं," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून काय झालं? खोटं बोलायला वय लागतंय व्हय?"

लोक हसले. आण्णा हसले नाहीत. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

त्यानंतर दीडेक वर्ष ते होते. आईला काही विचारायचं त्यांनी सोडलं. बाजारात खिसा चाचपणं बंद झालं. गोष्टी पुन्हा मोठ्यानं सांगायला लागले, शेवटी प्रश्न न लावता. त्यांचा स्वतःवरचा भरवसा परत आला. माझ्यावरचा गेला तो गेला. राग नव्हता, बोलणं होतं, चेष्टाही होती. पण मी चार वाजले म्हणालो की ते उठून घड्याळ बघून यायचे. डॉक्टरनं गोळी सकाळी सांगितली आहे म्हणालो की आईला पाकीट दाखवायचे. मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. वाटून घ्यायचा हक्क नव्हता.

मामांना शेळ्या वाढल्या म्हणून दुसरी गाडी हवी झाली. सांगाडा झाला, मामा-मामी आले, पोती रचली. आण्णा लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मी चाकाची जागा काढली, रेघ मारली आणि म्हणालो, "आण्णा, इथं. हुकावर एवढा भार येतोय, बघा."

ते उठले. माझ्या हातातला टेप घेतला. हुकापासून रेघेपर्यंत स्वतः मापलं, मग दुसऱ्या बाजूनं मापलं. सुतळीचं एक टोक मामींच्या हातात दिलं, ताण बघितला, परत मापलं. मी उभा होतो.

"बरुबर हाय," ते मामांना म्हणाले.